गिअरबॉक्स उतरवण्याआधी वायर तपासा

पारोळ्याजवळ हायवेवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. एका हाताला धुळे, दुसऱ्या हाताला जळगाव. लोक अजून या रस्त्याला सहा नंबरच म्हणतात, पाटीवर मात्र ५३ आहे. सुरुवातीला माझ्याकडे ट्रकचीच कामं यायची: सेल्फ, डायनामो, हेडलाइट, हॉर्न. आता ऑटोमॅटिक कार डॉक्टरांकडे आहे, मास्तरांकडे आहे, केळीवाल्यांकडेही आहे. आणि महिन्यातून दोन-चार जण एकच वाक्य घेऊन येतात: "भाऊ, गिअरबॉक्स गेला म्हणे."

त्या 'म्हणे'साठी मी हे लिहितोय. कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, वीज मोजायचं मीटर लावलं होतं का, असं विचारलं की उत्तर येतं, "मशीन लावलं होतं, त्यात आलं." मशीन म्हणजे स्कॅनर. गिअरबॉक्स गेला असं स्कॅनर कधीच सांगत नाही. तो फक्त कोड देतो, म्हणजे बिघाडाचा नंबर. वायर तुटली, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या सॉकेटमध्ये) पाणी गेलं, अर्थिंग (बॅटरीकडे करंट परत नेणारी बॉडीची जोडणी) सैल झालं, तरी कोड येतो. गिअरबॉक्स खाली उतरवणं हे शेवटचं काम आहे, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये तिथपर्यंत जायची वेळच येत नाही. माणसाचे कष्टाचे पैसे वाचतात, म्हणून पुढचा क्रम मी माझ्या पोरांनाही पाठ करायला लावतो.

आधी आत काय असतं ते थोडक्यात. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनशी तेलातून जोडलेल्या, गिअरबॉक्समध्ये तेलाच्या दाबावर गिअर पडतात. कोणत्या वाटेनं तेल सोडायचं ते व्हॉल्व्ह बॉडीतले (तेलाच्या वाटा असलेल्या ठोकळ्यातले) सोलेनॉइड ठरवतात. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि आत सरकणारी दांडी. त्यांना करंट देतो टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. टीसीएमला माहिती पुरवणारे सेन्सर असतात: आत येणारा वेग, बाहेर जाणारा वेग, तेलाचं तापमान आणि लिव्हर कुठे आहे ते सांगणारा स्विच. यातलं काही पटलं नाही की टीसीएम सोलेनॉइडचा करंट तोडतो आणि गाडी एकाच गिअरवर अडकवून ठेवतो, बहुतेक गाड्यांत तिसऱ्या किंवा त्याच्या आसपासच्या. यालाच लिंप मोड म्हणतात. गाडी उचलत नाही, इंजिन ओरडतं, आणि मालकाला वाटतं गिअरबॉक्स संपला. खरं तर गिअरबॉक्स वाचावा म्हणूनच कॉम्प्युटरनं तसं केलेलं असतं.

गाडी अशी अडकली की दोन गोष्टी करू नका. धक्का मारून चालू करायचा प्रयत्न करू नका, ऑटोमॅटिक धक्क्यानं चालू होत नाही. आणि चालती चाकं (ज्यांना इंजिनची ताकद मिळते ती) रस्त्यावर ठेवून दोरीनं ओढत आणू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आत तेल पोचत नाही आणि चांगला गिअरबॉक्स वाटेत खराब होतो. गाडी सपाट ट्रकवर चढवूनच आणा.

मीटरच्या आधी माणूस

गाडी आली की मी बॉनेट उघडत नाही, चहा सांगतो आणि विचारतो. थंड असताना होतं की तापल्यावर? सपाट रस्त्याला की घाटात? पाऊस पडल्यावर, गाडी धुतल्यावर? गाडी बंद करून चालू केली की बरी होते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या दोन महिन्यांत गाडीला कोणाचा हात लागला? नवी बॅटरी, रिव्हर्स कॅमेरा, मोठा साउंड, जादा लाइट, ठोकल्यानंतरचं डेंटिंग, सगळं विचारायचं. लोक सांगत नाहीत, कारण त्यांना त्याचा संबंध वाटत नाही.

अमळनेरच्या एका गुरुजींची गाडी ट्रकवर चढवून आली. इंजिन चालू होत होतं, पण लिव्हर 'पी'मधून, म्हणजे पार्किंगमधून, हलतच नव्हतं. दोन ठिकाणी 'आतून जाम आहे' असं सांगून झालं होतं. मी पोराला मागे उभं केलं आणि गुरुजींना म्हणालो, ब्रेक दाबा. ब्रेकलाइट लागला नाही. लिव्हर 'पी'मधून सोडायचं की नाही हे गाडी ब्रेक स्विचवरून ठरवते; ब्रेक दाबल्याचा सिग्नल गेला नाही तर कुलूप उघडत नाही. ब्रेकलाइटचा फ्यूज उडालेला होता. पण नुसता फ्यूज टाकून मी गाडी दिली नाही. फ्यूज उगाच उडत नसतो. डिकीत कोणीतरी जादा एलईडी पट्टी जोडली होती, तिची वायर बिजागरीत चिरडून बॉडीला टेकत होती. ती तोडून टेप केली. तासाभराचंही काम नव्हतं. लिव्हरजवळ बहुतेक गाड्यांत एक छोटं झाकण असतं, त्याखालचं बटण दाबलं की कुलूप हातानं सुटतं. तुमच्या गाडीत ते कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

बॅटरी आणि अर्थिंग

इथे घाई करू नका. माझ्याकडे आलेल्या कितीतरी 'गेलेल्या गिअरबॉक्सां'चा शेवट इथेच झालाय.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ पाहिजे. टीसीएमला कमी व्होल्टेज मिळालं की तो भलतेच कोड टाकतो, एकदम पाच-सहा, एकमेकांशी मेळ नसलेले. असे ढीगभर कोड दिसले की सेन्सर बदलायला जाऊ नका, वीज कुठून येते ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. बॅटऱ्या इथं थंडीपेक्षा उन्हानं मरतात.

आता अर्थिंग. मागच्या वर्षी ऐन उन्हाळ्यात यावलकडचे एक आबा आले. केळीची बाग, सहा गिअरची ऑटोमॅटिक गाडी. "भाऊ, गाडी उचलतच नही," म्हणाले, आणि खिशातून शहरातल्या एका गॅरेजचा अंदाजपत्रकाचा कागद काढला. पूर्ण गिअरबॉक्स बदलायचा लिहिला होता. कागद धरलेला हात थरथरत होता. स्कॅनर लावला तर सात कोड: दोन सोलेनॉइडचे, एक वेगाच्या सेन्सरचा, एक व्होल्टेजचा, असे.

मी मीटर डीसी व्होल्टवर ठेवलं. काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुंटीवर), लाल काडी गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियमवर, जिथे खरवडून चकचकीत धातू दिसेल तिथे. पोराला म्हणालो, सेल्फ मार. मीटरवर ०.९ आलं. याला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. वाट चांगली असेल तर सेल्फ मारताना हा आकडा ०.२ च्या आसपास किंवा खाली राहतो. ०.५ च्या वर गेला की अर्थिंगची वाट आजारी आहे, मग ती वरून कितीही घट्ट दिसो.

अर्थिंगची पट्टी खरंच घट्ट होती. बोल्टला पाना लावला, हलेना. सोडून पट्टी उलटी केली तेव्हा कळलं. थिंबलीखाली (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) पांढरट-हिरवा थर, मिठासारखा, नखानं खरवडला तर भुकटी पडत होती. चासीवरची जागाही कोणीतरी डेंटिंगच्या वेळी रंगवून टाकलेली. रंगावर बोल्ट आवळलेला, करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. पॉलिश पेपरनं धातू उघडा केला, थिंबली नवी दाबली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. परत सेल्फ मारला: ०.०५. कोड उडवले, एरंडोलपर्यंत फेरी मारून आलो, सहाही गिअर पडले. आबा गाडीतून उतरून काही बोललेच नाहीत, बराच वेळ नुसता बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

टीसीएमची स्वतःची अर्थिंगची वायर वेगळी तपासायची. ती काम करत असताना ड्रॉप ०.१ च्या आत हवा. इथं एक साधी युक्ती सांगतो. मीटर फार कमी करंट ओढतं, त्यामुळे वायरचा एकच केस शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतं आणि माणूस फसतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून टीसीएमचा कपलर सोडा, बॅटरी परत लावा आणि हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) बाजूला वीज आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये ब्रेकलाइटचा २१ वॉटचा बल्ब जोडा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. भगभगीत लागला तर वायर खरी. लालसर मिणमिणला तर वायरीत, फ्यूजच्या पायांत किंवा रिलेत खोट आहे. मात्र हा बल्ब फक्त वीज आणि अर्थिंगच्या मोठ्या वायरींवर लावायचा. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरीला बल्ब किंवा साधा टेस्ट लॅम्प लावलात तर टीसीएमच जळू शकतो. तिथे फक्त डिजिटल मीटर.

कोड वाचायचा कसा

कोड दिसला की उडवू नका. आधी फोनवर फोटो काढा, सोबत कोड पडला त्या क्षणाची माहिती स्कॅनर देत असेल तर तिचाही: वेग किती, तेल किती तापलेलं, व्होल्टेज किती. कोड उडवणारा माणूस पुरावा पुसतो, आणि पुढच्या माणसाचा दिवस वाया जातो.

पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की टीसीएमकडे काहीतरी तक्रार आहे, स्कॅनर घेऊन त्याला विचारा. स्वस्तातला स्कॅनर फक्त इंजिन वाचतो आणि इथेच थांबतो. पी०७०५ लिव्हरच्या स्विचचा, पी०७१० तेलाच्या तापमानाचा, पी०७१५ आत येणाऱ्या वेगाच्या सेन्सरचा, पी०७२० बाहेर जाणाऱ्या वेगाचा. पी०७५३ पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडच्या विजेचा, पी०७४८ दाबाच्या सोलेनॉइडच्या विजेचा, पी०७४३ कन्व्हर्टरच्या क्लचचा. हे सगळे सर्किटचे कोड आहेत. सर्किट म्हणजे सोलेनॉइड किंवा सेन्सर, दोन्ही बाजूंचे कपलर, मधली वायर आणि टीसीएम, एवढं सगळं. यातला कोणता तुकडा बिघडला ते कोड सांगत नाही.

पी०७३१ ते पी०७३६ हे कोड वेगळ्या जातीचे. आत आणि बाहेर फिरण्याचा हिशोब जुळत नाही, म्हणजे गिअर घसरतोय, असं ते सांगतात. तेव्हा तेल बघा. पातळी बरोबर आहे का, काळं पडलंय का, जळका वास येतो का? तेल जळलेलं असेल तर काम यांत्रिक आहे, तसं मालकाला सरळ सांगा. पण इथंही घाई नको. वेगाचा सेन्सर खोटं बोलत असेल तरीही हाच कोड येतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तेलाची पट्टी नसते, ठरावीक तापमानाला खालचा बोल्ट उघडून पातळी बघावी लागते. ते तापमान गाडीच्या पुस्तकात असतं.

तेलाच्या तापमानाच्या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. सकाळी गार गाडीत स्कॅनरवर तेलाचं आणि इंजिनच्या पाण्याचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. तेल उणे ४० दिसलं तर वायर तुटली आहे, कपलर सुटलाय किंवा सेन्सर आतून तुटलाय. खात्रीसाठी इग्निशन बंद करून सेन्सरचा कपलर काढा, परत चालू करा. आकडा उणे ४० च्या आसपास जायला हवा. मग हार्नेसच्या बाजूच्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडा; आकडा एकदम १५० च्या आसपास किंवा वर चढायला हवा. दोन्ही झालं तर वायर आणि टीसीएम ठीक, सेन्सर बदला. झालं नाही तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही.

लिव्हरच्या स्विचसाठी स्कॅनर चालू ठेवून लिव्हर सावकाश 'पी'पासून 'डी'पर्यंत न्या आणि प्रत्येक जागी स्क्रीनवर तेच अक्षर येतं का बघा. अधूनमधून रिकामी जागा दिसली, किंवा 'पी'त सेल्फ लागत नाही पण 'एन'मध्ये लागतो, तर तो स्विच सरकलाय किंवा त्यात पाणी शिरलंय. गाडी धुताना प्रेशरची नळी गिअरबॉक्सवर मारू नका, वॉशिंगवाल्याला तसं स्पष्ट सांगा.

ओहम मोजताना आपलं ऊन विसरू नका

ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं, रेझिस्टन्सचं, माप. ते मोजताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली पाहिजे. चालू सर्किटवर ओहम मोजलात तर आकडा खोटा येतो आणि मीटरही जातं.

चालू-बंद जातीचे शिफ्ट सोलेनॉइड बहुतेक गाड्यांत १० ते २५ ओहमच्या मधे असतात, दाब सांभाळणारे ३ ते ६ च्या आसपास. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला धरायचा. पण पुस्तकातला आकडा बहुधा २० अंशाचा असतो, आणि आपल्या गॅरेजमध्ये मे महिन्यात २० अंश पहाटेसुद्धा नसतात. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. २० अंशाला ५.२ ओहमचा सोलेनॉइड ४४ अंशाच्या दुपारी ५.७ दाखवणार, आणि ९५ अंशाच्या तेलात ६.७. हा बिघाड नाही, हे तांब्याचं वागणं आहे. हा हिशोब न करता पुस्तकाशी ताडून चांगले सोलेनॉइड बदललेले मी पाहिलेत. शिवाय आधी मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवा, ०.३ वगैरे जे येईल ते उत्तरातून वजा करा. पाच ओहमच्या मोजणीत ०.३ म्हणजे थोडं नाही.

याच हिशोबावर चाळीसगावच्या एका तरुणाची गाडी सुटली. तो दर आठवड्याला कन्नड घाट चढून संभाजीनगरला जायचा. सपाटीला गाडी उत्तम, घाटाच्या मध्यावर आली की अडकायची. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलं की परत बरी. कोड पी०७४८. दुसरीकडे मोजलं तेव्हा ओहम बरोबर, म्हणून 'टीसीएम बदला' असा निकाल मिळालेला. मोजलं होतं तेव्हा गाडी थंड होती! तापल्यावर बिघडणारी गाडी थंड मोजून काय कळणार?

मी त्याच्यासोबत घाटात गेलो. तेल ९५ ला पोचलं, गाडी अडकली. तिथेच बाजूला घेतली, चाकांना दगड लावले, निगेटिव्ह काढली, गिअरबॉक्सचा मोठा कपलर सोडला आणि त्या सोलेनॉइडच्या पिनांवर मीटर लावलं. वाट तुटलेली. काडी जरा दाबली की आकडा यायचा, सोडली की जायचा. म्हणजे टीसीएम निर्दोष, बिघाड गिअरबॉक्सच्या बाजूला. पण सोलेनॉइड की आतली वायर? गाडी ट्रकवर दुकानात आणली, दुसऱ्या दिवशी ऑइल पॅन उतरवलं. सोलेनॉइडवर थेट मीटर लावलं आणि हेअर ड्रायरनं तो तापवत गेलो. आकडा सावकाश चढला, पण तुटला नाही. मग आतल्या छोट्या हार्नेसचं एक टोक गरम केलं, आणि मीटर तिथेच गेलं. उष्णतेनं प्लास्टिक कडक होऊन फुटलेलं, आतली पिन वायरीवर सैल. फक्त ती आतली हार्नेस मागवली. तेल नवं टाकलं, पातळी बघितली. टीसीएम बदलला असता तर तोही पुढच्याच घाटात बंद पडला असता.

गिअरबॉक्सच्या त्या मोठ्या कपलरमध्ये आणखी एक गोष्ट बघा: आत तेल दिसतंय का? रबरी रिंग थकली की तेल वायरीच्या आतून, दिव्याच्या वातीसारखं, वर चढतं. काही युरोपीय गाड्यांत ते पार टीसीएमपर्यंत पोचतं. नुसतं कपलर पुसून चालत नाही, रिंग किंवा कपलर बदलायचा आणि दोन्ही टोकं कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवायची.

वेगाच्या सेन्सरचं थोडक्यात. दोन वायरींचा जुन्या पद्धतीचा असेल तर ओहम मोजता येतो आणि चाक फिरवलं की एसी व्होल्ट दिसतात. तीन वायरींचा असेल तर ओहम मोजू नका; वीज, अर्थिंग आणि सिग्नल अशी तपासणी करा. काही दोन वायरींचेही आत इलेक्ट्रॉनिक्स असलेले असतात, म्हणून आधी पुस्तक. आणि एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर पाच व्होल्टची सामाईक वायर मोजा. एक सेन्सर शॉर्ट झाला की ती सगळ्यांची वीज खाली ओढतो. एकेक कपलर काढत जा; ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तो दोषी.

यू०१०० किंवा यू०१०१ दिसलं तर कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीयेत. बॅटरी काढून स्कॅनरच्या सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० आले तर वाट ठीक. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटली. शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. मधे गेटवे (कॉम्प्युटरांमधला मध्यस्थ) असलेल्या नव्या गाडीत सॉकेटवरून हे कळत नाही, तिथे टीसीएमच्या कपलरवर जाऊन मोजावं लागतं.

एएमटीवाल्यांनो

आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी छोट्या गाड्या एएमटी असतात. २०१४ साली सेलेरिओ आली आणि हा प्रकार गावोगाव पोचला. यात गिअरबॉक्स साधाच, नेहमीचा क्लच असलेला. फक्त तुमच्या पायाचं आणि हाताचं काम एक यंत्र करतं. बहुतेकांत छोटा विजेचा पंप तेलाचा दाब तयार करतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की बऱ्याच गाड्यांत 'घुर्रर्र' असा आवाज येतो, तो या पंपाचा. तो आवाज ओळखीचा करून घ्या. अजिबात येत नसेल तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले बघा. गाडी उभी असताना दर काही सेकंदांनी येत असेल तर दाब कुठेतरी गळतोय. पंप करंट जास्त ओढतो, त्यामुळे बॅटरी अशक्त झाली की त्रास सगळ्यात आधी इथेच दिसतो. आणि गाडी सुटताना थरथरत असेल तर ते बहुधा क्लच प्लेटचं काम असतं, विजेचं नाही. क्लच किंवा ते यंत्र बदललं की स्कॅनरवरून नव्यानं शिकवावं लागतं; ते न करता गाडी दिली तर दुसऱ्या दिवशी परत येते.

उंदीर, आणि वायर जोडणं

दिवाळीनंतर खेड्यांत कापूस घरात भरलेला असतो. कापसात सरकी, सरकीला उंदीर, आणि त्याच पडवीत गाडी उभी. रात्री गरम इंजिनवर उंदीर येऊन बसतो आणि हार्नेस कुरतडतो. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत अशा गाड्या येतात. बॅटरीच्या खालची आणि गिअरबॉक्सच्या वरची हार्नेस हातानं चाचपून बघा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं. ज्या दिवशी कापूस घरात येतो त्या दिवसापासून गाडी बाहेर लावा, शक्य नसेल तर रात्री बॉनेट उघडं ठेवा.

कधी होतं, कधी होत नाही, अशा बिघाडासाठी इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून एकानं स्कॅनरवर डोळे ठेवायचे आणि दुसऱ्यानं हार्नेस वीतभर-वीतभर हलवत जायचं. आकडा जिथे उडी मारेल तिथे थांबा. पावसात होत असेल तर स्प्रेच्या बाटलीनं पाणी उडवा. वायरीत सुई टोचून तपासू नका. त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं होतं. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवा.

सापडली तुटलेली वायर, तर नुसती पिळून टेप लावू नका. त्याच जाडीची वायर घ्या, नीट दाबून किंवा सोल्डर करून जोडा, वर आकसणारी स्लीव्ह चढवा आणि हलणार नाही अशी बांधा. शेजारच्या दोन वायरी तुटल्या असतील तर सांधे एकाच जागी ठेवू नका, पुढे-मागे करा.

मग कोड उडवा आणि ज्या परिस्थितीत गाडी बिघडत होती त्याच परिस्थितीत चालवून बघा. घाटात बिघडत होती तर घाटात, दुपारी बिघडत होती तर दुपारी. मी प्रत्येक गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक कागद ठेवतो: बॅटरीचे व्होल्ट, अर्थिंगचा ड्रॉप, मोजलेले ओहम आणि त्या वेळचं तापमान. पुढच्या मिस्त्रीला, तो कोणीही असो, त्याचा उपयोग होतो.

यंदा मे महिन्यात आबा परत आले, गाडी दाखवायला. कप्प्यातून कागद काढला, काळी काडी खुंटीवर, लाल गिअरबॉक्सवर, आबांनीच सेल्फ मारला. ०.०६. जुन्या ०.०५ च्या खाली मी नवी तारीख टाकून तो आकडा लिहिला आणि कागद परत कप्प्यात ठेवला.